पुनर्वादन हल्ला आणि आवाजी यंत्रणांचे संरक्षण

एखाद्याचा मुद्रित आवाज यंत्रापुढे वाजवून त्याच्या नावाने आज्ञा देणे किंवा ओळख पटवणे, याला पुनर्वादन हल्ला किंवा रूढ भाषेत रीप्ले अटॅक म्हणतात. त्यासाठी नकलेची कला लागत नाही, मोबाइल पुरतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवर मोठ्याने बोलणाऱ्याचा आवाज शेजारच्याला सहज टिपता येतो, आणि वाशीतील तळमजल्याच्या घरात खिडकीपाशी ठेवलेल्या स्मार्ट स्पीकरला तो बाहेरून ऐकवताही येतो.

आवाज कोणाचा आहे एवढेच तपासणारी यंत्रणा येथे फसते, कारण आवाज खरोखर मालकाचाच असतो. तपासायचे असते ते हे, की तो आत्ता जिवंत गळ्यातून निघाला आहे काय. मुद्रणावर पहिल्या मायक्रोफोनचा, मूळ जागेतील घुमण्याचा आणि वाजवणाऱ्या स्पीकरचा ठसा उमटलेला असतो. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून तर खालचे स्वर क्षीण होऊनच बाहेर पडतात. मायक्रोफोन ओठांजवळ असताना ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांसारख्या वर्णांबरोबर श्वासाचा झोत त्यावर आदळतो, तो दुरून चोरून केलेल्या मुद्रणात सापडत नाही. मात्र ही कसोटी फोनला लागू पडते, खोलीच्या कोपऱ्यातील स्पीकरला नाही. एएसव्हीस्पूफ या आंतरराष्ट्रीय संशोधन-स्पर्धेच्या 2015 मधील पहिल्या फेरीत कृत्रिम व रूपांतरित आवाजांवर भर होता, तर 2017 ची फेरी पुनर्वादनालाच वाहिलेली होती.

दुसरा उपाय म्हणजे दर वेळी नवे आकडे उच्चारायला लावणे. जुने मुद्रण त्यापुढे निरुपयोगी ठरते, पण शून्य ते नऊ हे दहाही शब्द ज्याच्या हाती लागले त्याला ते जोडता येतात. शिवाय पंखा लावण्यासाठी कोणी आकडे वाचत बसणार नाही. म्हणून दिवे-पंख्यांना मोकळीक देऊन कुलूप व पैशांच्या व्यवहारांसाठी फोनवर वेगळी संमती घेणे व्यवहार्य ठरते. पिन मोठ्याने बोलून घेण्याची पद्धत मात्र विचित्रच म्हणावी लागेल, कारण चोरून मुद्रण करणाऱ्याला आवाजाबरोबर पिनही मिळतो.

शांत खोलीतील नमुन्यांवर घडवलेली तपासणी ठाण्यातील गजबजलेल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या घरात किंवा विसर्जनाच्या दिवशी तलावपाळीवर तशीच टिकेल असे नाही. निकष कडक केला तर घसा बसलेल्या मालकालाच नकार मिळतो, सैल केला तर मुद्रण निसटते. या दोन्ही चुकांचे प्रमाण जेथे सारखे होते तो समत्रुटी दर वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करण्यासाठी वापरतात.