स्नॉर्केलिंग आणि ट्रायल स्कूबा: मालवणच्या होडीत बसायच्या आधी एवढं बघा

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला, अगं आम्ही नाताळच्या सुट्टीत मालवणला चाललोय, त्या पॅकेजमध्ये स्कूबा पण लिहिलंय आणि स्नॉर्केलिंग पण, दोन्हीत तोंडात नळीच धरायची असते ना, मग दोन्हीचे पैसे कशाला भरायचे? काका ६४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, सोबत नऊ वर्षांची नात आणि कॉलेजात जाणारा मुलगा. मी अर्धा तास फोनवर समजावलं आणि मग वाटलं की हे लिहूनच काढावं, कारण हाच प्रश्न मला दर सीझनला कोणी ना कोणी विचारतंच. आम्ही बेळगावचे, आंबोली उतरलं की समुद्र, त्यामुळे मालवण-तारकर्लीला वर्षातून एकदा तरी जाणं होतंच.

फोटोत दोन्ही सारखंच दिसतं हे खरंय. डोळ्यांवर मास्क, तोंडात काहीतरी काळं, आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे. पण फरक ओळखायचा तर मास्ककडे बघूच नका, एकच विचारा, तोंडात येणारी हवा कुठून येतेय?

स्नॉर्केलिंगमध्ये तुम्ही पाण्यावर पालथे तरंगता, तोंड पाण्यात, आणि जेमतेम फूट-सव्वा फुटाची नळी डोक्याच्या बाजूने वर निघालेली असते. म्हणजे श्वास घेता तो वरच्या उघड्यावरचाच, आपण रस्त्यावर घेतो तोच. माझ्या भावाने लहानपणी विचारलं होतं की मग नळी लांब केली की झालं, खाली जाऊन बसू, सिलेंडर हवाच कशाला? तर ते जमत नाही. एक म्हणजे सोडलेला श्वास लांब नळीत तसाच पडून राहतो आणि पुढच्या श्वासाला तोच परत आत येतो, दुसरं म्हणजे मीटरभर खाली गेलं तरी पाणी छाती इतकी दाबतं की वरची हवा आत ओढायला छातीच्या स्नायूंचा जोर पुरत नाही. म्हणून स्नॉर्केलची नळी आखूडच असते आणि स्नॉर्केलिंग कायम पाण्याच्या पृष्ठभागावरच होतं.

स्कूबात हवा सिलेंडरमधून येते, तीही दाबून भरलेली, आणि रेग्युलेटर नावाचं यंत्र ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात सोडतं, म्हणून खाली गेलं तरी छाती आरामात फुलते. आता मुद्दा येतो. दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, म्हणजे तिथे फुगा भरला, तोंड बांधलं आणि वर आणला तर तो दुप्पट व्हायला बघणार. तुमची फुप्फुसं म्हणजे तोच फुगा. खाली सिलेंडरची हवा छातीत भरून घेतली आणि घाबरून श्वास रोखून सरळ वर आलात तर आतली हवा पसरते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही, सव्वा मीटरभर, म्हणजे छातीइतक्या पाण्यातूनही हे होऊ शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीच रोखायचा नाही, घेत राहायचा, सोडत राहायचा. आमच्या सोबत आलेला मालवणचा गाइड प्रत्येकाला पाण्यात उतरायच्या आधी तीनदा सांगायचा, "श्वास धरून ठेऊ नको, सोडत ऱ्हव."

आणि स्नॉर्केलिंगमध्ये बरोबर उलटं चालतं! वरचा श्वास घेऊन, रोखून, दोन मीटर डुबकी मारून मासे बघून वर आलात तर काही बिघडत नाही, कारण खाली जाताना छातीतली हवा आकसते आणि वर येताना होती तेवढीच परत होते, वाढीव काही नाही. मात्र यात कॉलेजच्या पोरांनी एक करू नये, जास्त वेळ खाली टिकावं म्हणून आधी भराभर खोल श्वास घेत बसायचं. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची हाक यायला हवी ती उशिरा येते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. पोहायला पट्टीचे असलेले लोक यात जातात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

काही होड्यांवर मी असंही पाहिलंय की सिलेंडर पाठीला नसतोच, तो होडीतच ठेवतात आणि लांब पाइपने हवा खाली सोडतात. लोकांना वाटतं पाठीवर काही नाही, लांब नळी आहे, म्हणजे हे स्नॉर्केलिंगच. नाही हो! हवा दाबून भरलेल्या सिलेंडरची आहे, म्हणजे नियम सगळे स्कूबाचे, श्वास रोखायचा नाही आणि घाईने वर यायचं नाही. डोक्यावर काचेचं हेल्मेट घालून जो सी वॉक करतात त्यालाही हेच लागू.

कानांचं पण बघा. वर तरंगताना कानावर विशेष दाब येत नाही. खाली जाताना मात्र मीटर-दीड मीटरपासूनच कान दुखायला लागतात, मग नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कान मोकळे होतात, आणि हे दुखायच्या आधीपासून दर थोड्या खोलीला करत राहायचं. सर्दी झाली असेल तर कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी स्कूबा नाहीच, पैसे गेले तरी चालतील. दमा, फुप्फुसाचा आजार, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास, फिटचा त्रास, गरोदरपण, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, होडीवाल्याशी नको. तो जो फॉर्म सहीला देतो ना, तो लोक मोबाइल बघत सही करतात, तो वाचा, त्यातले प्रश्न तुमच्याच जिवाचे असतात. आणि स्नॉर्केलिंग सोपं म्हणून काकांनी पण गृहीत धरू नये, लाटांत हातपाय मारणं हा हृदयाला व्यायामच आहे, लाईफ जॅकेट घालून, रिंग धरून, गाइड ओढेल तसं सावकाश. फोनवर मावशीला मी हेच सांगितलं, काका आणि नात स्नॉर्केलिंग, मुलगा स्कूबा. समुद्रातल्या ट्रायल डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता गाइडच्या हातात राहून मारलेल्या डुबकीला, साधारण दहा वर्षांची अट असते, नऊच्या नातीसाठी घासाघीस करू नका.

आता दिसतं काय? इथे स्कूबा म्हणजे भारी आणि स्नॉर्केलिंग म्हणजे गरिबाचं, असं जे लोक धरून चालतात ते मला मनापासून पटत नाही. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, पाचेक मीटरपर्यंत लाल गोष्ट मातकट दिसायला लागते, म्हणून खोलावरच्या फोटोत सगळं निळंहिरवं येतं. दोन-तीन मीटर पाण्यातल्या खडपावर, म्हणजे बुडालेल्या खडकावर, सकाळचं ऊन पडलेलं असतं तेव्हा वरून जे रंग दिसतात ते खाली सहा मीटरवर दिसत नाहीत. फायदा स्कूबाला आहे तो वेळेचा आणि जवळिकीचा, तुम्ही एका खडपासमोर पाच मिनिटं स्थिर राहू शकता आणि कपारीत लपलेलं काहीतरी हळूच बाहेर येतं, ते वरून कधी दिसणार नाही. मास्कमधून दोन्हीकडे वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि थोड्या जवळ दिसतात, तेव्हा हाताएवढा मासा पाहिला असं सांगताना थोडं वजा करा.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची खडपं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला तेव्हा बेटाभोवतीचे हेच पाण्यातले खडक शत्रूच्या जहाजांना आडवे यायचे, वाट माहीत असल्याशिवाय होडी आत येत नसे, आजही तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, वळणं घेत घेतच नेतो. त्याच खडकांच्या कपारीत माशांना आसरा मिळतो आणि त्यांच्यावरच प्रवाळ वाढतं. १९८७ पासून इथे मालवण सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, पद्मगडाचं छोटं बेट त्याच्या गाभ्यात येतं. अंदमानसारख्या रंगीत बागांची अपेक्षा ठेवून आलात तर हिरमुसाल, इथलं प्रवाळ बसकं, तपकिरी-हिरवट, पटकन दगडच वाटतं, आणि तिथेच गडबड होते, दगड समजून लोक त्यावर उभे राहतात. तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे, वर्षाला अगदी थोडा वाढतो, आणि २००१ पासून दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे. नवखा स्नॉर्केलर पाय खाली सोडून उभा राहायला बघतो, नवखा स्कूबावाला तळाला गुडघे टेकतो, दोघांनीही नुकसान होतं. गाइड ओरडतो ना, "पाय मारू नका, गाळ उठता," ते फोटो खराब होईल एवढ्याचसाठी नसतं, तो गाळ प्रवाळावर जाऊन बसतो.

माशांना बिस्किटं-पाव टाकून फोटो काढायची पद्धत आहे ती पण थांबायला पाहिजे. एका ट्रिपला आमच्या होडीवरच पुडा फोडला, मी नको म्हटलं तर म्हणे फोटोत मासे येणार नाहीत. आले, पाचच मिनिटांनी आले, बिस्किटाशिवाय, फक्त आम्ही हालचाल थांबवली तेव्हा.

डॉल्फिन या दोन्हीत येत नाहीत, ते होडीतूनच बघायचे. इथे किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले, त्या उंचवट्यावर छोटासा पर, करडे, सावकाश श्वास घ्यायला वर येणारे. टीव्हीवरच्यासारख्या उड्या ते क्वचितच मारतात. म्हणून तांडेलाला त्यांच्या मागे होडी पळवायला लावू नका, इंजिन मंद करून थांबलात तर तेच आसपास येतात. मान वर केलीत तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड पण दिसेल, मला तर तो डॉल्फिनपेक्षाही आवडतो.

हवामानाचा फरक फार लोकांना माहीत नसतो. दुपारनंतर वारं सुटतं, पाण्यावर बारीक लाटा उठतात, नळीत पाणी शिरतं, स्नॉर्केलिंगची मजा जाते, खाली गेलेल्याला त्याचा तेवढा त्रास नाही. पण पाणी गढूळ असेल तर दोघांनाही काही दिसत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, गाळ जास्त, अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी त्यामानाने नितळ. कॅलेंडर बघून तारीख धरा, सकाळची पहिली होडी घ्या, डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात सगळं बंदच असतं. थोडं जास्त नितळ आणि खोल पाणी हवं असेल तर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी आहे, पण तिथे बेटापर्यंत होडीचा प्रवास बराच मोठा, होडी लागणाऱ्यांनी उलटीची गोळी घेऊनच बसावं.

आता सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट. स्नॉर्केलिंग करून त्याच संध्याकाळी विमानात बसा, काही नाही. स्कूबा केलं असेल तर थांबावं लागतं, कारण दाबाखाली रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि उंचीवर गेलं की तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान १८ तास, असा डायव्हिंगच्या जगातला सर्वमान्य नियम आहे. आणि हे फक्त विमानालाच नाही, २००० फुटांच्या वर जाणाऱ्या रस्त्याला पण आहे. आंबोली जवळपास ६९० मीटर, आमचं बेळगाव साडेसातशे मीटर, म्हणजे दोन्ही २००० फुटांच्या वर! पंधरा मिनिटांच्या उथळ ट्रायलला धोका कमी असतो हे खरं, तरी मी स्कूबा असेल त्या रात्री मालवणलाच मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी घाट चढते. गोव्यात दुपारी डाइव्ह आणि रात्री मोपावरून फ्लाइट, असं बुकिंग मी दोन ओळखीच्यांचं बदलायला लावलंय.

अजून एक, ट्रायल केली म्हणजे डायव्हर झालो असं नाही, गाइड तुम्हाला मागून धरूनच असतो. खरं शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे आधी पूलमध्ये सराव करून घेतात, तीन-चार दिवस काढून ओपन वॉटर कोर्स केला की सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

आणि मावशीच्या मुलाला खास सांगितलंय, खाली गेल्यावर खूप आवडलं म्हणून अंगठा दाखवायचा नाही. अंगठा म्हणजे "मला वर ने." सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. माझ्या वहिनीने पहिल्याच मिनिटाला आनंदाने दोन्ही अंगठे वर केले आणि गाइडने तिला लगेच वर आणलं, बिचारी होडीला धरून विचारत राहिली, झालं पण?