फिनलंडमधला पालिकेचा टॅक्स रेट वेगळा आणि टॅक्स कार्डवरचा टक्का वेगळा

फिनलंडची जॉब ऑफर हातात आली की पहिला प्रश्न हाच, महिन्याला हातात किती येणार. मग कुणी सांगतं एस्पोत टॅक्स कमी आहे, ताम्पेरेत जास्त आहे, कुणी ५ टक्के म्हणतं, तर तिथे आधीच राहणारा एखादा म्हणतो अरे माझे तर १९ टक्के कापतात. दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांचे आकडे वेगवेगळे आहेत. ५ च्या आसपासचा आकडा हा पालिकेचा इन्कम टॅक्स रेट, आणि १९ हा टॅक्स कार्डवरचा टक्का, म्हणजे पगारातून दर महिन्याला एकूण किती कापायचं तो.

आपल्याकडे हा प्रकारच नाही. महापालिका घरपट्टी घेते, प्रोफेशन टॅक्स राज्याचा, इन्कम टॅक्स केंद्राचा, त्यामुळे पुण्याहून नाशिकला बदली झाली म्हणून कुणाचा इन्कम टॅक्स बदलत नाही. फिनलंडमध्ये बदलतो. तिथे प्रत्येक पालिकेचं कौन्सिल पुढच्या वर्षाचा रेट स्वतः ठरवतं, आणि हा रेट सपाट असतो, सरकारच्या टॅक्ससारखे त्याला स्लॅब नाहीत. २०२३ मध्ये हेलसिंकी आणि एस्पोचा रेट ५.३६ होता, वांताचा ६.३६, ताम्पेरेचा ७.६१. सगळ्यात कमी ४.३६ काउनिआइनेनचा, हे चहूबाजूंनी एस्पोने वेढलेलं छोटंसं श्रीमंत गाव, आणि मुख्य भूमीवर सगळ्यात जास्त १०.८६ हाल्सुआचा, जिथे लोक मुळातच थोडे आणि त्यातही म्हातारे बरेच, पण शाळा आणि रस्ते तर चालवावेच लागतात.

जुनी माहिती वाचणाऱ्यांनी इथे जरा थांबा. २०२२ पर्यंत हेच रेट हेलसिंकीत १८ आणि हाल्सुआत २३.५ होते. १ जानेवारी २०२३ पासून आरोग्य, समाजसेवा आणि अग्निशमन ही कामं पालिकांकडून काढून नव्या प्रादेशिक यंत्रणांकडे गेली (हेलसिंकीने ती स्वतःकडेच ठेवली) आणि मुख्य भूमीवरच्या सगळ्या पालिकांचा रेट सरसकट १२.६४ ने खाली आणला. पैसे वाचले असं कुणी समजू नका, कारण सरकारी टॅक्सचा सगळ्यात खालचा स्लॅब त्याच वर्षी नेमका १२.६४ टक्क्यांचा झाला. एका खिशातून जायचे ते दुसऱ्या खिशातून जायला लागले. ओलांड बेटं या बदलात नव्हती, म्हणून तिथले रेट अजून मोठे दिसतात.

आता शहराचा फरक खरंच किती पडतो ते बघू. महिना ३५०० युरो, वर्षाचे ४२,०००, आकडे २०२३ चे. पालिकेचा रेट पूर्ण पगारावर लागत नाही, आधी पेन्शन आणि बेरोजगारी विम्याचे हप्ते वगैरे वजा होतात, तेव्हा टॅक्सला साधारण ३७,००० उरतात. म्हणजे रेटमधला एक टक्का म्हणजे वर्षाला ३७० युरो, महिन्याला ३१ च्या आसपास. एस्पो आणि वांता यांच्यातला फरक बरोबर एवढाच आहे. हेलसिंकी आणि ताम्पेरेमध्ये महिन्याला ७० च्या जवळपास. काउनिआइनेन आणि हाल्सुआ ही दोन टोकं घेतली तर महिन्याला २०० युरो, हा मात्र चांगलाच फरक. पण हेलसिंकीतलं भाडं बघितलंत तर ताम्पेरेशी असलेला तो ७० युरोचा फायदा भाड्यातच विरून जातो, म्हणून फक्त टॅक्स रेट बघून शहर निवडू नका असं मी कळकळीने सांगेन.

टॅक्स कार्डवरचा टक्का मात्र पूर्ण वेगळ्या पद्धतीने येतो. टॅक्स ऑफिस तुमच्या अख्ख्या वर्षाच्या कमाईचा अंदाज घेतं, त्यावर सरकारी टॅक्स, पालिकेचा टॅक्स, आरोग्य विम्याचे हप्ते, सरकारी टीव्ही-रेडिओचा टॅक्स, आणि चर्चचे सभासद असाल तर चर्चचा टॅक्स, हे सगळं एकत्र करून एकच टक्का काढतं. वरच्या उदाहरणात हेलसिंकीत तो १९ च्या आसपास येतो आणि ताम्पेरेत २१ च्या. पेन्शन आणि बेरोजगारी विमा यात धरलेलाच नाही, तो पगार करणारे वेगळा कापतात, म्हणून स्लिपवरची एकूण कपात कार्डापेक्षा जास्त दिसते आणि नवीन माणूस घाबरतो. त्या ३५०० मधून हेलसिंकीत हातात साधारण २५४० येतात, ताम्पेरेत २४७०.

खरी गडबड पहिल्या जानेवारीत होते. समजा कुणी सप्टेंबरला आलं, तर त्या वर्षात त्याची तिथली कमाई चारच महिन्यांची, १४,००० युरो, एवढ्यावर टॅक्स जवळजवळ लागतच नाही म्हणून कार्डवरचा टक्का अगदी नगण्य येतो, आणि मग नवीन वर्षाचं कार्ड येतं, त्यात बारा महिन्यांची कमाई धरलेली, टक्का थेट १९, आणि लोक म्हणतात पालिकेने टॅक्स वाढवला. पालिकेने काहीच केलेलं नसतं. कार्डवर कमाईची एक मर्यादाही छापलेली असते, बोनस किंवा सुट्टीचा भत्ता मिळून ती ओलांडली की वरच्या रकमेवर बराच मोठा जादा टक्का लागतो. तेव्हा ओमावेरो या ऑनलाइन सर्व्हिसमध्ये जाऊन अंदाज बदला आणि नवीन कार्ड घ्या, घर बदलून काही होणार नाही.

कार्डवरचा टक्का हा आपल्या टीडीएससारखा, पैसे कधी जाणार एवढंच तो ठरवतो. जास्त कापले गेले तर हिशोब पूर्ण झाल्यावर परत मिळतात, कमी कापले तर नंतर भरावे लागतात. पालिकेच्या रेटचं तसं नाही, तिथे गेलेले पैसे गेलेच, म्हणून दीर्घ मुदतीत फरक पाडतो तो हाच.

आणि घर बदलायचं असेल तर तारीख बघा. आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुमची नोंद ज्या पालिकेत, तिचाच रेट पुढचं वर्षभर लागतो. वांताहून एस्पोला २८ डिसेंबरला गेलात तर नवीन वर्षाचा रेट एस्पोचा, ३ जानेवारीला गेलात तर अख्खं वर्ष वांताचाच. वर्षाच्या मध्ये देशाबाहेरून आलेल्यांना त्या वर्षापुरता, आल्यावर जिथे पहिल्यांदा राहिले तिथला.

काही जणांना मात्र यातलं काहीच लागू होत नाही. बाहेरून आलेले खास कौशल्याचे लोक, ज्यांचा पगार २०२३ च्या नियमाने महिन्याला किमान ५८०० युरो, त्यांना अर्ज करून सपाट ३२ टक्के घेता येत होते आणि त्यात पालिकेचा रेट येतच नाही, हेलसिंकी काय नि हाल्सुआ काय. फक्त अर्ज कामाला लागल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो, तेव्हा ऑफर लेटर आलं की हे आधी एचआरला विचारून घ्या.