मॅकगिल विद्यापीठ आणि एमके-अल्ट्रा प्रकल्प

कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाच्या मनोविकारशास्त्र विभागात 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांवर जे प्रयोग झाले, त्यांपैकी काहींचा खर्च अमेरिकेची केंद्रीय गुप्तचर संस्था म्हणजे सीआयए आपल्या एमके-अल्ट्रा या गुप्त कार्यक्रमातून भागवत होती. हा संबंध विद्यापीठाने स्वतः जाहीर केलेला नाही. 1977 पासून अमेरिकी सरकारला मोकळे करावे लागलेले हिशेबाचे कागद, संसदीय समितीपुढील साक्षी, वॉशिंग्टनमधील एका दिवाणी दाव्यातील जबान्या आणि कॅनडा सरकारने करविलेल्या चौकशीचा अहवाल यांतून तो क्रमाने उलगडला. शीतयुद्धाच्या काळात अनेक विद्यापीठांना गुप्तचर संस्थांचे पैसे मिळाले, परंतु मॅकगिलच्या बाबतीत पैशाची वाट, प्रयोगाची पद्धत आणि रुग्णांवर झालेला परिणाम ही तिन्ही अंगे कागदोपत्री तपासता येतात, आणि त्यामुळेच या विषयावरील लेखनात हे उदाहरण वारंवार येते.

प्रयोगांचे स्थळ ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूट हे होते. जहाजवाहतुकीच्या व्यवसायात गडगंज संपत्ती मिळविलेल्या सर ह्यू ॲलन यांनी 1860 च्या दशकात माँट रॉयल टेकडीच्या उतारावर रेव्हन्सक्रॅग नावाचा प्रासाद बांधला. पुढे त्यांच्या वारसांनी तो रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयाला दिला आणि तेथे मनोरुग्णालय सुरू झाले. इमारत व रुग्ण रुग्णालयाचे, तर अध्यापक व संशोधन विद्यापीठाचे, अशी ही रचना होती. जबाबदारी नेमकी कोणाची, हा वाद पुढे साठ-सत्तर वर्षे रेंगाळला, त्याचे एक मूळ या दुहेरी रचनेत आहे. संस्थेचे पहिले संचालक डोनाल्ड यूएन कॅमेरॉन (1901–1967) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ एकाच वेळी विद्यापीठातील विभागाचेही प्रमुख होते. ते कोपऱ्यातले किंवा बदनाम संशोधक नव्हते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी 1952–53 मध्ये भूषविले, पुढे कॅनडातील संघटनेचे आणि जागतिक मनोविकारतज्ज्ञ संघटनेचेही ते अध्यक्ष झाले. न्यूरेंबर्ग येथे नाझी नेता रुडॉल्फ हेस याची मानसिक तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांतही त्यांचा समावेश होता.

कॅमेरॉन यांच्या आधी मॅकगिलच्याच मानसशास्त्र विभागात एक वेगळे संशोधन झाले होते आणि दोन्हींची अनेकदा गल्लत होते. कोरियन युद्धात पकडले गेलेले सैनिक शत्रूच्या बाजूने बोलू लागल्यावर पाश्चात्त्य सरकारांना 'ब्रेनवॉशिंग'ची धास्ती वाटू लागली. 1 जून 1951 रोजी माँट्रियलच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांच्या संरक्षण आणि गुप्तचर क्षेत्रांतील व्यक्तींची बैठक झाली. मॅकगिलचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब तीत उपस्थित होते. त्यानंतर कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाच्या पैशातून हेब यांनी संवेदना तोडण्याचे प्रयोग केले. विद्यार्थ्यांना दिवसाला 20 डॉलर देऊन, डोळ्यांवर धूसर चष्मा व हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या चढवून, एका खोलीत नुसते पडून राहायला सांगितले जाई. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सहन झाले नाही आणि काहींना भास होऊ लागले. 1954 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, पण त्यांत मूळ हेतूचा उल्लेख नव्हता. तो करण्याची आपल्याला परवानगी नव्हती, असे हेब यांनी काही वर्षांनी एका परिसंवादात उघडपणे सांगितले. या प्रयोगांतील विद्यार्थी स्वतःहून आले होते आणि नको वाटले की उठून जाऊ शकत होते. ॲलन मेमोरियलमधील रुग्णांना ती मोकळीक नव्हती, आणि दोन्ही प्रकरणांतला हा भेद नीट लक्षात ठेवायला हवा.

एमके-अल्ट्रा कार्यक्रमाला सीआयएचे संचालक ॲलन डलेस यांनी 13 एप्रिल 1953 रोजी मंजुरी दिली. कार्यक्रमाची सूत्रे रसायनशास्त्रज्ञ सिडनी गॉटलिब यांच्याकडे होती. माणसाच्या वर्तनावर औषधे, संमोहन, विजेचे झटके किंवा एकांतवास यांच्या साहाय्याने ताबा मिळवता येतो का, हे पाहण्यासाठी 149 उपप्रकल्प हाती घेण्यात आले. पैसे थेट सीआयएच्या नावाने दिले जात नसत. त्यासाठी सभ्य नावांच्या संस्था उभारल्या होत्या. कॉर्नेल विद्यापीठाचे मज्जाविकारतज्ज्ञ हॅरोल्ड वुल्फ यांच्या पुढाकाराने 1955 मध्ये स्थापन झालेली 'सोसायटी फॉर द इन्व्हेस्टिगेशन ऑफ ह्यूमन इकॉलॉजी' ही त्यांपैकीच एक. वरून पाहणाऱ्याला ती संशोधनाला अनुदान देणारी साधी धर्मादाय संस्था वाटे.

1956 मध्ये कॅमेरॉन यांनी अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात 'सायकिक ड्रायव्हिंग' या पद्धतीवर लेख लिहिला. रुग्णाच्या किंवा डॉक्टरच्या तोंडचे एखादे वाक्य ध्वनिफितीवर घेऊन ते रुग्णाला हजारो वेळा ऐकवायचे, अशी ती पद्धत होती. लेख सीआयएच्या नजरेत भरला आणि कॅमेरॉन यांना वर उल्लेखिलेल्या सोसायटीकडे अर्ज करण्यास सुचविण्यात आले. जानेवारी 1957 मध्ये ॲलन मेमोरियलमधून गेलेला हा अर्ज आज वाचता येतो आणि तो या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद मानला पाहिजे. त्यात चार पायऱ्या थंडपणे मांडल्या आहेत: तीव्र विद्युतझटक्यांनी रुग्णाच्या वर्तनाच्या चालू सवयी मोडून काढणे, रोज 16 तास याप्रमाणे सहा-सात दिवस ठरावीक शब्दसंदेश ऐकवणे, त्या काळात रुग्णाला अंशतः संवेदनाशून्य परिस्थितीत ठेवणे, आणि शेवटी सात ते दहा दिवस सतत झोपवून त्या काळाची आठवण दाबून टाकणे. अर्ज मंजूर होऊन तो उपप्रकल्प क्रमांक 68 झाला. 1957 ते 1960 या काळात त्यापोटी सुमारे 60 हजार डॉलर मॅकगिलकडे आले. हा पैसा सीआयएचा आहे हे कॅमेरॉन यांना ठाऊक होते, असे दाखविणारा कागद मोकळ्या झालेल्या दप्तरात नाही.

'डीपॅटर्निंग' म्हणून ओळखल्या गेलेल्या उपचारात पेज-रसेल पद्धतीने एकामागून एक झटके दिले जात. झोपेची व शामक औषधे देऊन रुग्णांना आठवडेच्या आठवडे निद्रिस्त ठेवले जाई. काहींना एलएसडी हे भास घडविणारे रसायन दिले गेले. यांतले अनेक रुग्ण चिंता किंवा बाळंतपणानंतरचे नैराश्य अशा कारणांनी उपचारासाठी आले होते, आणि आपल्यावर प्रयोग होत असल्याची संमती त्यांच्याकडून घेतली गेली नव्हती. उपचारानंतर काहींना जवळची माणसे ओळखता येत नव्हती, काहींना शौचावरही ताबा राहिला नव्हता. 1964 मध्ये कॅमेरॉन माँट्रियल सोडून गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या रॉबर्ट क्लेगहॉर्न यांनी ही पद्धत थांबवली आणि जुन्या रुग्णांची पाहणी करवून घेतली. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, उपचाराच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेलेल्या रुग्णांपैकी 60 टक्के जणांच्या स्मृतीत कायमची पोकळी राहिल्याचे आढळले. म्हणजे सीआयएचे नाव निघण्याच्या दहा वर्षे आधीच, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागातून, हे उपचार घातक असल्याचा पुरावा छापून आला होता. तरीही त्यावरून कोणती चौकशी बसली नाही.

कागद मोकळे होण्याची कथा बरीचशी योगायोगाची आहे. सीआयएचे तत्कालीन संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी पद सोडण्यापूर्वी 1973 च्या सुरुवातीस एमके-अल्ट्राचे दप्तर नष्ट करण्याचा आदेश दिला आणि गॉटलिब यांनी तो पाळला. 1975 मध्ये रॉकफेलर आयोग व सिनेटची चर्च समिती यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. पुढे माजी परराष्ट्र खात्यातील अधिकारी व लेखक जॉन मार्क्स यांनी अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केल्यावर शोध घेण्यात आला आणि 1977 मध्ये सात खोकी सापडली. हा कार्यक्रम चालविणाऱ्या सीआयएच्या विभागाच्या अंदाजपत्रक शाखेने आपले जुने कागद 1970 मध्येच वॉशिंग्टनबाहेरच्या अभिलेखागारात पाठवून दिले होते, आणि नाश करणाऱ्यांना हिशेबाच्या त्या खोक्यांचा विसर पडला होता. परिणामी प्रयोगांचे वैज्ञानिक अहवाल गेले आणि मंजुरीपत्रे, पावत्या व अर्ज तेवढे उरले. आज या कार्यक्रमाविषयी जे काही कळते ते मुख्यतः कारकुनांच्या नजरेतून कळते, आणि त्याचे गुणदोष पुढच्या साऱ्या वादावर उमटलेले आहेत.

3 ऑगस्ट 1977 रोजी सिनेटच्या संयुक्त सुनावणीत सीआयएचे तत्कालीन संचालक स्टॅन्सफिल्ड टर्नर यांनी या कागदांत 80 संस्थांची नावे असल्याचे सांगितले. त्यांपैकी 44 महाविद्यालये व विद्यापीठे होती, आणि कार्यक्रमाशी निगडित खासगी संशोधकांची संख्या 185 होती. त्याच महिन्यात 'पब्लिक सिटिझन' या ग्राहकहितासाठी काम करणाऱ्या संस्थेशी संबंधित दोघांनी या संस्थांची व संशोधकांची नावे कायद्याने मागितली. सीआयएने प्रत्येक संस्थेची संमती विचारली, संमती मिळालेल्या 59 संस्थांची नावे दिली, मात्र 21 संस्थांची व सर्व संशोधकांची नावे राखून ठेवली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 16 एप्रिल 1985 रोजी 'सीआयए विरुद्ध सिम्स' या खटल्यात न्यायालयाने असा निर्णय दिला की, 1947 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानुसार 'गुप्तवार्तेच्या स्रोतांचे' रक्षण करणे हे संचालकांचे कर्तव्य आहे, आणि विद्यापीठातील संशोधकसुद्धा अशा स्रोतांत मोडू शकतात. या निकालाने पुढील काळात विद्यापीठांचे असे संबंध शोधणाऱ्यांची वाट अरुंद केली. मॅकगिलचे नाव मात्र तोवर सर्वतोमुखी झालेले होते.

1977 च्या बातम्यांमुळे कॅनडाच्या संसदेचे सदस्य डेव्हिड ऑर्लिकोव यांना आपल्या पत्नीवर ॲलन मेमोरियलमध्ये झालेल्या उपचारांमागचा दुवा कळला. वेल्मा ऑर्लिकोव आणि इतर माजी रुग्णांनी 1980 मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय जिल्हा न्यायालयात अमेरिकी सरकारविरुद्ध दावा दाखल केला. नागरी हक्कांच्या लढ्यात नाव मिळविलेले वकील जोसेफ राउ व त्यांचे सहकारी जेम्स टर्नर यांनी तो चालविला, आणि वादींची संख्या अखेर नऊ झाली. या दाव्याचे ऐतिहासिक मोल निकालापेक्षा त्यातील जबान्यांत आहे. 1983 मध्ये गॉटलिब यांना शपथेवर उत्तरे द्यावी लागली. नष्ट झालेल्या दप्तरातली पोकळी काही अंशी भरून निघाली ती अशा जबान्यांमुळेच. सरकारी पक्षाने मुदतबाह्यतेपासून अनेक आक्षेप घेतले आणि कॅमेरॉन यांना कॅनडा सरकारही पैसे देत होते याकडे बोट दाखवले. 1988 मध्ये न्यायालयाने दावा सुनावणीशिवाय निकाली काढण्यास नकार दिला आणि त्याच वर्षी, प्रत्यक्ष सुनावणीच्या तोंडावर, 7,50,000 डॉलरची तडजोड झाली. सरकारने चूक कबूल केली नाही.

कॅनडा सरकारकडे दाखवलेले ते बोट चुकीचे नव्हते. कॅनडाच्या आरोग्य खात्याने कॅमेरॉन यांच्या संशोधनाला दिलेली अनुदाने सीआयएच्या रकमेच्या कितीतरी पट होती, आणि ती उघडपणे, नेहमीच्या सरकारी मंजुरीने दिलेली होती. 1986 मध्ये हॅलिफॅक्सचे वकील व माजी खासदार जॉर्ज कूपर यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात सरकारवर कायदेशीर वा नैतिक जबाबदारी येत नाही असा निष्कर्ष काढला. अहवाल सरकारच्याच सांगण्यावरून झाला होता, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा लागतो, पण त्याच्या परिशिष्टांसह तो या प्रकरणाच्या कॅनडातील बाजूचा महत्त्वाचा आधार ठरला आहे. 1992 मध्ये सरकारने जबाबदारी न स्वीकारता सानुग्रह मदतीची योजना जाहीर केली. तीत 77 जणांना प्रत्येकी 1 लाख डॉलर मिळाले आणि 250 हून अधिक अर्ज फेटाळले गेले. 'पूर्ण किंवा बऱ्याच प्रमाणात' डीपॅटर्निंग झाल्याचे रुग्णालयाच्या नोंदींवरून सिद्ध करण्याची अट त्यात होती. ज्यांची स्मृतीच पुसली गेली त्यांनी कागदांच्या आधारे आपली हानी मोजून दाखवावी, ही मागणी विपरीतच होती. 2004 मध्ये कॅनडाच्या संघीय न्यायालयाने अशा एका फेटाळलेल्या अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिल्यावर ही अट काहीशी सैल झाली.

मॅकगिलपर्यंत त्याच 'सोसायटी'चा पैसा आणखी एका वाटेने पोहोचला. तेथील मनोविकारतज्ज्ञ रेमंड प्रिन्स यांच्या नायजेरियातील योरुबा वैद्यांवरील अभ्यासाला मिळालेले अनुदान हा एमके-अल्ट्राचा उपप्रकल्प 121 निघाला. निधीच्या खऱ्या स्रोताची आपल्याला कल्पना नव्हती, असे प्रिन्स यांनी 1995 मध्ये स्वतः लेख लिहून सांगितले. या अभ्यासाने कोणाला इजा झाली नाही. म्हणून केवळ अनुदानाच्या पावतीवरून एखाद्या संशोधनाचे स्वरूप ठरवता येत नाही. कॅमेरॉन यांची पद्धतही सीआयएने घडविलेली नव्हती. पैसे येण्यापूर्वीच ती चालू होती आणि थांबल्यानंतरही काही वर्षे चालू राहिली. हिशेबाचे कागद पैसे देणाऱ्याकडे बोट दाखवतात, साहजिकच लोकांच्या मनात हे प्रकरण 'सीआयएचे प्रयोग' म्हणून ठसले. रुग्णांच्या संमतीविना असे उपचार वर्षानुवर्षे चालू देणारे रुग्णालय, विद्यापीठाचा विभाग आणि व्यवसायातील सहकारी यांची भूमिका मागे पडली. प्रस्तुत नोंदीच्या मते अधिक मोठा प्रश्न तोच आहे.

2019 मध्ये माजी रुग्णांच्या कुटुंबीयांनी क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयात मॅकगिल विद्यापीठ, रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालय, कॅनडा सरकार आणि अमेरिकी सरकार यांच्याविरुद्ध सामूहिक दाव्यासाठी अर्ज केला. परराष्ट्र सरकारविरुद्ध दाव्यांना मुभा देणारा कॅनडाचा कायदा 1982 चा असल्याने त्यापूर्वीच्या कृत्यांना तो लागू होत नाही, या कारणास्तव अमेरिकेला वगळण्यात आले आणि 2023 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. उरलेल्या प्रतिवादींविरुद्ध 1948 ते 1964 या काळातील रुग्णांच्या वतीने सामूहिक दावा चालविण्यास न्यायालयाने 2025 मध्ये परवानगी दिली. दरम्यान डिसेंबर 2024 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह या संस्थेने मार्क्स यांनी मिळविलेल्या कागदांसह एमके-अल्ट्राविषयीचे 1,200 हून अधिक दस्तऐवज एकत्र प्रसिद्ध केले. उपप्रकल्प 68 चे दप्तर आता अभ्यासकांना त्यातून पाहता येते.