लॅपटॉप चालू न होणे

लॅपटॉप चालू न होणे : बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या क्रमात लॅपटॉप मध्येच अडकणे, आणि तो कुठे अडकला हे शोधण्याची पद्धत. नागपुरात दुकानाच्या काउंटरवर या तक्रारीचे एकच वाक्य ऐकू येते : ‘भाऊ, चालू नाही होऊन राहिला.’ या वाक्यात निदान चार वेगवेगळे बिघाड मावतात. एकात दिवाही लागत नाही. दुसऱ्यात दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. तिसऱ्यात कंपनीचे चिन्ह येते आणि गाडी तिथेच थांबते. चौथ्यात विंडोज येता येता निळी स्क्रीन दाखवते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कारागीर पहिल्याला ‘डेड’, दुसऱ्याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. उरलेले दोन ‘सॉफ्टवेअरचं काम’ म्हणून बाजूला ठेवले जातात, आणि हा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

सुरू होण्याचा क्रम

चार्जर लावताच, बटण दाबण्याआधीच, मदरबोर्डवर (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, म्हणजे ‘बोर्डा’वर) ३.३ आणि ५ व्होल्टचे पुरवठे तयार होतात. बटणाकडे लक्ष ठेवणारी एक छोटी नियंत्रक चिप त्यांवर जागी असते. बटण दाबले की ती बाकीचे पुरवठे ठरलेल्या क्रमाने उघडते. त्यांतला एक जरी आला नाही तरी पुढचे उघडत नाहीत. मग प्रोसेसर बायोस चिपमधला, म्हणजे यंत्र उठवणारा, प्रोग्राम वाचतो, रॅम (तात्पुरती स्मृती) आणि स्क्रीन तपासतो, डिस्क शोधतो आणि तिच्यावरच्या बूट लोडरकडे, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, कारभार सोपवतो. ही स्व-तपासणी १९८१ च्या आयबीएम पीसीपासून घरोघरी पोचली. ‘बूट’ हा शब्द बुटाच्या मागच्या पट्टीवरून आला. ती पट्टी धरून स्वतःच स्वतःला उचलायचे, अशी ती कल्पना. संगणकालाही सुरू होताना दुसरे कोणी उचलायला नसते.

बिघाड शोधताना पुढची पायरी गाठली की मागच्या सगळ्या ठीक आहेत असे धरता येते. चिन्ह दिसले म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीन निदान उठण्यापुरते तरी शाबूत आहेत. तरीही चिन्हावर अडकलेल्या लॅपटॉपची रॅम आधी बदलून पाहणारे भेटतात.

दिवाच लागत नाही तेव्हा

पहिला संशय चार्जरवर. गोल पिनचे बहुतेक चार्जर १९ ते २० व्होल्ट देतात आणि ते मल्टीमीटरवर लगेच दिसते. मात्र व्होल्ट दिसले म्हणजे चार्जर चांगला असे नव्हे. भार पडताच कोसळणारे चार्जर कमी नाहीत. डेल आणि एचपीच्या बऱ्याच पिनांत मधली बारीक तार चार्जरची ओळख सांगते. ती तुटली की लॅपटॉप चालतो, पण रखडत, आणि बॅटरी चार्ज होत नाही. टाइप-सीचा मामला वेगळा : तिथे आधी ५ व्होल्ट येतात आणि दोन्ही बाजूंचे बोलणे झाल्यावरच साधारणपणे २० व्होल्ट मिळतात. यूएसबी मीटर ५ वरच थांबला तर चार्जर मोबाइलचा आहे, केबल खराब आहे किंवा बोर्डवरची बोलणी करणारी चिप गेली आहे.

घरी करण्याजोगा उपाय एकच, पण तो वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा लागू पडतो. चार्जर काढावा, निघत असेल तर बॅटरीही काढावी, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग फक्त चार्जर लावून पाहावे. नियंत्रक चिप भलत्याच अवस्थेत अडकली असेल तर उरलासुरला विद्युतभार निघून गेल्यावर ती नव्याने सुरू होते.

त्यापुढचे काम कारागिराच्या टेबलावरच होते. तिथे चार्जरऐवजी डीसी सप्लाय (व्होल्ट ठरवता येणारा, करंट दाखवणारा पुरवठा) लावतात आणि अँपिअरचा आकडा वाचतात. वैद्याने नाडी बघावी तसा हा प्रकार. आकडा शून्यावरून हललाच नाही तर करंट बोर्डात शिरतच नाही. जॅक किंवा त्याच्या लगतचे मॉसफेट (करंट सोडणारे-अडवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) पाहावे. लावताक्षणीच आकडा मर्यादेला जाऊन भिडला तर शॉर्ट, म्हणजे करंट भलत्याच वाटेने थेट वाहतो आहे. बटण दाबल्यावर तो थोडा वाढून एका जागी खिळला तर काही पुरवठे आले, प्रोसेसर मात्र कामाला लागलेला नाही. आणि आकडा नाचू लागला तर बोर्ड जिवंत आहे, स्क्रीनकडे वळावे. शॉर्टमागे पुष्कळदा तांदळाच्या कणीएवढा सिरॅमिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) असतो. त्या लाइनवर कमी व्होल्ट सोडून कोणता भाग तापतो ते थर्मल कॅमेऱ्याने पाहतात. कॅमेरा नसेल तर स्पिरिटचा थेंब कुठे आधी उडतो त्यावरून ओळखतात. काही पैशांचा तो भाग काढला की ‘बोर्ड बदलावा लागेल’ असे ऐकून आलेला लॅपटॉप उठून बसतो. अशा वेळी बोर्डाचा भाव आधी सांगणाऱ्यापेक्षा आकडा आधी वाचणाऱ्याकडे गेलेले बरे.

काळी स्क्रीन

अंधारात टॉर्च तिरका धरून स्क्रीन पाहावी. पुसट चित्र दिसले तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआयने टीव्ही जोडावा; त्यावर चित्र आले तर दोष पॅनेलचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा. दोन्हीकडे काळोख असेल तर पहिला संशय रॅमवर. कारागीर तिचे सोनेरी संपर्क साध्या खोडरबराने घासून पुन्हा बसवतात. हा जुगाड वाटतो, पण संपर्कांवरचा मळाचा थर त्याने खरोखर निघतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी. डीडीआर ५ या पिढीची नवी रॅम टाकल्यावर पहिल्या खेपेस स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते, कारण बोर्ड तिच्याशी जुळवून घेत असतो. त्या काळात बटण दाबून बंद करणारे नाहक घाबरतात.

दिव्यांची भाषाही असते. डेलच्या अनेक मॉडेलांत दिवा दोनदा पिवळा, तीनदा पांढरा लागला तर रॅम सापडलेली नाही. इतर कंपन्यांचे संकेत निराळे, म्हणून एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नये.

नागपूरचे हवामान

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवावेत असे निर्माते सांगतात. नवतपात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) नागपुरात पारा ४५ च्या घरात असतो, आणि उन्हात उभ्या कारमध्ये त्याहून वर. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या आसपास तापली की बहुधा चार्जिंग थांबवले जाते. बर्डीहून (सीताबर्डीच्या बाजारातून) बॅगेत आलेला लॅपटॉप दुपारी ‘चार्जच घेत नाही’ आणि रात्री ठणठणीत असतो, त्याचे कारण बऱ्याचदा हेच. ज्याने लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवला त्याने वेगळी अडचण ओढवून घेतली. ओलसर हवेत धूळ पंख्याच्या जाळीवर चिखलासारखी थापली जाते, प्रोसेसर १०० अंशांकडे जातो आणि लॅपटॉप सुरू होऊन मिनिटाभरात बंद पडतो. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) एवढ्यावर तो बरा होतो. गार असतानाही तो असाच बंद पडत असेल तर सेन्सरवर संशय घ्यावा. सेन्सर खोटे बोलू शकतो हे नागपूरकरांना सांगायला नको : मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि हवामान विभागाला तो सेन्सर बिघडल्याचे जाहीर करावे लागले.

बॅटरी मेलेली असताना लॅपटॉप नुसता चार्जरवर चालवणे ही आणखी एक सवय. मग वीज गेली की तो तत्क्षणी बंद होतो. त्या वेळी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर फाइलव्यवस्था बिघडते आणि पुढच्या खेपेस विंडोज उठत नाही.

चिन्हाच्या पुढे

‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश आला तर आधी बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर ती निखळली किंवा मेली आहे; विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही. दिसत असेल आणि घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल, तर ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपून सेटिंग मूळपदावर गेले असण्याची शक्यता आहे.

विंडोज सलग दोन-तीनदा अर्ध्यावर पडले की दुरुस्तीचा मेनू आपोआप उघडतो. त्यात स्टार्टअप रिपेअर, नुकतेच आलेले अपडेट काढणे आणि सेफ मोड (मोजक्याच गोष्टींनिशी विंडोज सुरू करणे) हे तीन उपाय आधी करावेत. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले, तेव्हाही सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे एवढाच उपाय होता; फक्त तो प्रत्येक यंत्रापुढे बसून करावा लागला. विंडोज ८ पासून ‘शटडाउन’ केल्यावरही प्रणालीची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते, त्यामुळे काही दोष बंद-चालू करून जात नाहीत, ‘रीस्टार्ट’ने जातात.

दुकानात यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे ‘विंडोज मारून देतो’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे. त्याआधी डेटा काढून घ्यावा. डिस्क सुटी असेल तर ती काढून यूएसबी केसमध्ये घातली की दुसऱ्या संगणकावर वाचता येते. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अनेकांच्या लॅपटॉपवर ते त्यांच्या नकळत चालू झालेले असते आणि की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडून असते. बोर्ड बदलल्यावरही तीच विचारली जाते. अलीकडच्या मॅकबुकांत साठवणीच्या चिपा बोर्डालाच जोडलेल्या आणि एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) केलेल्या असतात; तिथे डेटा हवा असेल तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो.