कॅनडा जिंकला, वसाहती गमावल्या : अमेरिकन क्रांतीची पार्श्वभूमी

अलेगनी आणि मोनाँगाहिला या दोन नद्यांच्या संगमावर ओहायो नदी सुरू होते. आज तिथे पिट्सबर्ग आहे. १७५४ साली हा संगम ज्याच्या हाती, त्याच्या हाती पश्चिमेकडच्या व्यापाराची किल्ली होती. तिथे फ्रेंचांनी फोर्ट ड्यूकेन बांधायला घेतला, तर व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतल्या जमीनदारांचा त्या खोऱ्यातल्या जमिनीवर डोळा होता. २८ मे १७५४ च्या पहाटे बावीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या तुकडीने, मिंगो या आदिवासी जमातीच्या तानाचारिसन या सरदाराच्या साथीने, एका फ्रेंच तुकडीवर छापा घातला. चकमक जेमतेम पाव तास चालली आणि तीत फ्रेंच अधिकारी जुमोनव्हिल मारला गेला. ३ जुलैला फ्रेंचांनी वॉशिंग्टनला फोर्ट नेसेसिटीत गाठलं. पावसाने बंदुकीची दारू भिजली होती, खंदक पाण्याने भरले होते. शरणागतीचा मसुदा फ्रेंचमध्ये होता आणि त्यात जुमोनव्हिलचा ‘खून’ झाल्याची कबुली होती. दुभाष्याच्या तोंडून तो शब्द नीट उतरला नाही आणि वॉशिंग्टनने सही ठोकली.

इथून पेटलेलं युद्ध १७५६ पासून युरोप, कॅरिबियन आणि हिंदुस्थानात पसरलं. सप्तवार्षिक युद्ध ते हेच. २२ जानेवारी १७६० ला वांदिवाशला फ्रेंच हरले आणि वर्षभराने पाँडिचेरी पडली, तीही पानिपतच्याच आठवड्यात. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झाला होता, हे इथे आठवावं.

अमेरिकेत इंग्रजांची सुरुवात वाईट झाली. जुलै १७५५ मध्ये इंग्रज सेनापती ब्रॅडॉकच्या सुमारे तेराशे जणांपैकी नऊशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. चित्र पालटलं ते लंडनमध्ये युद्धाची सूत्रं हाती असलेला मंत्री विल्यम पिट याच्या व्यवहाराने. १७५७ च्या अखेरीस त्याने वसाहतींना कळवलं की माणसं तुम्ही उभी करा, शस्त्रं, तंबू आणि शिधा सरकार देईल, आणि पगार-कपड्यांच्या खर्चाची भरपाई पार्लमेंटकडून मागून घेऊ. शिवाय वसाहतींच्या कर्नललाही राजाच्या फौजेतल्या कॅप्टनचा हुकूम ऐकावा लागे, ती जुनी ठसठसही त्याने काढली. वसाहतींच्या विधिमंडळांनी आपल्या मतांनी पैसा मंजूर केला आणि भरपाईपोटी त्यांना एकूण दहा लाख पौंडांवर रक्कम परत मिळाली. युद्धाचा खर्च असाच भागवायचा असतो, ही सवय इथे लागली. पुढच्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं.

क्वेबेक १७५९ मध्ये आणि माँट्रियल १७६० मध्ये पडलं. मग लंडनमध्ये पत्रकयुद्ध जुंपलं : तहात कॅनडा ठेवायचा की साखरेने श्रीमंत झालेलं ग्वादलूप बेट? कॅनडा नको म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की फ्रेंचांची भीती गेली तर वसाहतींना आपली गरज उरणार नाही. १० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिस तहात इंग्रजांनी कॅनडा ठेवला.

इंग्लंडचं राष्ट्रीय कर्ज तोवर सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून सव्वातेरा कोटींच्या घरात गेलं होतं. हे कर्ज अमेरिकनांकडून वसूल करायचं होतं, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. मागणी होती ती अमेरिकेत ठेवलेल्या सुमारे १०,००० सैनिकांच्या खर्चातल्या वाट्याची. हा खर्च वर्षाला सव्वादोन लाख पौंड धरला होता. सैन्य लागणार, हेही लगेच दिसलं. सेनापती अॅमहर्स्टने आदिवासी जमातींना द्यायच्या भेटवस्तू आणि दारूगोळा आखडता घेतला. मे १७६३ मध्ये पाँटिअॅक या आदिवासी सरदाराचा उठाव पेटला आणि एकामागून एक आठ ठाणी पडली. ऑक्टोबरमध्ये राजाने जाहीरनामा काढून अॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्तीला बंदी घातली. ज्या जमिनीसाठी युद्ध झालं, तीच आता कुलूपबंद. व्हर्जिनियाच्या सैनिकांना १७५४ मध्ये दोन लाख एकरांचं आश्वासन मिळालं होतं, आणि त्या दावेदारांत खुद्द वॉशिंग्टन होता.

मग इंग्लंडचा पंतप्रधान ग्रेनव्हिलने हिशेब काढला. अमेरिकेतली जकात वर्षाला २,००० पौंडही देत नव्हती आणि ती गोळा करायला ८,००० लागत होते. गोम होती मळीत. आपल्या साखर कारखान्यांना परिचित असलेली ही मळी न्यू इंग्लंडात रम गाळायला लागायची. फ्रेंच बेटांवरची मळी स्वस्त होती, पण १७३३ पासून तिच्यावर गॅलनला ६ पेन्स कर होता. तेवढा भरला तर धंदाच बसेल, म्हणून व्यापारी जकात अधिकाऱ्याच्या हातावर पेनी-दीड पेनी टेकवत. १७६४ च्या साखर कायद्याने कर निम्मा, म्हणजे ३ पेन्स केला, पण तो खरोखर वसूल करायचं ठरवलं. खटला दूर उत्तरेकडच्या हॅलिफॅक्स बंदरातल्या नौदल-न्यायालयात चालू शकत होता. तिथे ज्युरी नाही आणि माल कायदेशीर असल्याचा पुरावा मालकानेच द्यायचा. चोरट्या व्यापाराने सगळ्या बंदराचं पोट भरत असताना कराची कपात म्हणजे करवाढच होती. १७६६ मध्ये दर १ पेनी झाला, ब्रिटिश मळीलाही लागू झाला, आणि लोक तो फारशी कुरकुर न करता भरू लागले.

२२ मार्च १७६५ चा स्टॅम्प कायदा वेगळ्या कारणाने फसला. कायदेशीर कागदपत्रं, वर्तमानपत्रं अशा गोष्टींना कर भरल्याचा शिक्का असलेला कागद सक्तीचा झाला, आणि तो इंग्लंडहून येणार होता. कर असा : पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १०, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला २, पदवीला २ पौंड. पैसे स्टर्लिंगच्या भावाने हवे होते, तेही आदल्याच वर्षी वसाहतींच्या कागदी चलनावर निर्बंध आलेले असताना. फटका नेमका वकील, छापखानेवाले आणि व्यापाऱ्यांना बसला, म्हणजे ज्यांना लिहिता आणि बोलता येतं त्यांनाच. कागद विकायला प्रत्येक वसाहतीत एकेक वितरक नेमला होता. १४ ऑगस्टला बोस्टनच्या जमावाने तिथला वितरक अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा टांगला, त्याचं घर फोडलं, आणि त्याने पद सोडलं. पाठोपाठ बाकीच्यांनीही अंग काढलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा जवळजवळ कुठेच कागद विकायला माणूस नव्हता. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला, पण त्याच दिवशी पार्लमेंटने ‘सर्व बाबतींत’ वसाहतींवर कायदे करण्याचा हक्क जाहीर केला.

पराभूत फ्रान्स गप्प नव्हता. त्याचा मंत्री श्वाझल याने आरमार नव्याने उभारलं. ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सने, इंग्रजांविरुद्ध बंड करून उठलेल्या या अमेरिकन वसाहतींशी तह केला. त्याच सुमारास पुण्यात नाना फडणविसांकडे सेंट ल्यूबिन हा फ्रेंच वकील मुक्कामाला होता आणि मुंबईकर इंग्रज त्याच्यावर डोळा ठेवून होते. फ्रान्सने हे सारं कर्ज काढून केलं. १७८८ च्या अंदाजपत्रकात निम्मा खर्च फक्त कर्जफेडीचा होता, आणि ५ मे १७८९ ला सोळाव्या लुईला व्हर्सायमध्ये इस्टेट्स जनरल, म्हणजे फ्रान्सच्या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरवावी लागली.