अफूवर्गीय वेदनाशामके

अफूपासून मिळणारी किंवा तिच्यासारखी क्रिया करणारी वेदनाशामक औषधे. डॉक्टर त्यांना ओपिऑइड म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांना, चिकटून ती वेदनेची जाणीव बोथट करतात. मॉर्फिन, कोडीन, ट्रमाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही त्यांतील ठळक नावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वर्गात येत नाहीत.

सोलापुरात या औषधांशी गाठ दोन टोकांना पडते. पूर्व भागात दिवसभर मागासमोर उभा राहणारा कामगार किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई औषधाच्या दुकानात ‘कंबरदुखीची जरा जोरदार गोळी’ मागते, ते एक टोक. दुसरे टोक म्हणजे धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडून उपचारांसाठी शहरात आलेला कर्करुग्ण. त्याच्या घरचे मॉर्फिनचे नाव काढताच हादरतात. भीती असते, पण ती चुकीच्या टोकाला.

तोंडावाटे घेतलेल्या ३० मिलिग्रॅम मॉर्फिनइतका परिणाम साधायला कोडीन सुमारे २०० मिलिग्रॅम लागते, ऑक्सिकोडोन २० मिलिग्रॅम पुरते. फेंटानिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र असल्याने मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. हे आकडे पाहून कोडीन गरीब आणि मॉर्फिन जहाल असे वाटते. पण ताकद उतरली तरी धोका तितकाच उतरत नाही, त्याची जात बदलते.

ट्रमाडॉल मेंदूतील सेरोटोनिन हे रसायनही वाढवते. त्यामुळे मात्रा चढली तर आकडी येऊ शकते. दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे, आणि आधीच फेफऱ्याचा त्रास असणाऱ्याला मर्यादेच्या आतही धोका असतो. नैराश्यावरील काही औषधांबरोबर घेतल्यास ताप, थरथर, भ्रम उद्भवतात. बाजारात ते बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसह एकाच गोळीत मिळते. अंगात कसकस आहे म्हणून वर पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतली, की दोन्ही गोळ्यांतल्या पॅरासिटामॉलचा भार यकृतावर पडतो आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते तेव्हाच ते दुखणे थांबवते. हे रूपांतर काहींमध्ये जवळजवळ होत नाही, तर काहींमध्ये फार झपाट्याने होते. म्हणून १२ वर्षांखालील मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ते देऊ नये. मॉर्फिन जठराला व्रण पाडत नाही, पण मूत्रपिंडे कमजोर असली की त्याचे घटक शरीरात साचून गुंगी वाढते.

फेंटानिलची पट्टी कातडीवर चिकटवतात. ती ७२ तास चालते. अशा औषधांची शरीराला आधीच सवय असलेल्या रुग्णालाच ती लावायची असते. उष्णतेने तिच्यातील औषध वेगाने रक्तात उतरते, आणि सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळिशी ओलांडलेला पारा. पट्टी लावलेल्या रुग्णाला उन्हात बसवू नये, पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, ताप आल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. काढलेल्या पट्टीतही औषध उरते. तिची चिकट बाजू आत दुमडून ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

जिवावर बेततो तो श्वास मंदावण्याचा धोका, आणि तो या साऱ्या औषधांत आहे. दारू किंवा अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी सोबत असली तर तो कैक पट वाढतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास संथ, हलवूनही जाग नाही, असे दिसताच १०८ ला फोन करावा. नॅलोक्सोन हा यावरचा उतारा. दीर्घकाळ घेतलेले औषध एकदम तोडल्यास घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. ही शरीराची सवय झाली. व्यसन त्याहून वेगळे, त्यात त्रास दिसत असूनही औषधाची ओढ सुटत नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातील जाचक परवान्यांमुळे मॉर्फिन रुग्णालयांतूनच हद्दपार झाल्यासारखे झाले. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. ट्रमाडॉल या कायद्याखाली आले ते २०१८ मध्ये, तोवर ते बरेच फोफावले होते.

कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून देतात. कळ उठण्याची वाट पाहत नाहीत. ही वेळ रुग्णाच्या घरच्या भाषेत, तेलुगू असो की कन्नड, सांगायला हवी. बद्धकोष्ठता हटकून होते आणि सवयीने ती जात नाही, म्हणून सारकही पहिल्या दिवसापासूनच सुरू करतात. निजताना बहुधा दुप्पट मात्रा देतात, म्हणजे मध्यरात्रीच्या गोळीसाठी रुग्णाला उठवावे लागत नाही.