ट्यूब झिरपतेय की बारीक पंक्चर आहे?

जुन्या बुलेटचा, येझदीचा किंवा राजदूतचा मागचा टायर सकाळी जरा बसलेला दिसला की बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो. गाडी पंपावर न्यायची, हवा भरायची आणि कामाला लागायचं. आठवड्याभरानं पुन्हा तेच. या सवयीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळून जातात. एक, ट्यूबच्या रबरातून हवा झिरपणं; हे नव्याकोऱ्या ट्यूबमध्येही चालू असतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. दुसरी, बारीक पंक्चर किंवा सैल व्हॉल्व्ह. हा बिघाड आहे आणि तो वाढत जातो. दोन्हींत टायर बसतो, दोन्हींत हवा भरली की गाडी ठीक चालते. फरक कळतो तो फक्त मोजल्यावर.

रबर घट्ट दिसलं तरी हवेचे रेणू त्यात विरघळतात, हळूहळू पुढे सरकतात आणि पलीकडून बाहेर पडतात. नैसर्गिक रबरातून हे बरंच वेगानं होतं. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत ब्यूटाइल रबर तयार झालं आणि ट्यूबसाठी तेच रूढ झालं, कारण त्यातून हवा नैसर्गिक रबराच्या साधारण एक दशांश वेगानंच जाते. चांगली ब्यूटाइल ट्यूब महिन्याला एक ते तीन पौंड हवा सोडते, उन्हाळ्यात थोडी जास्त. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर निसटतो, म्हणून नायट्रोजन भरून घ्या असं सांगतात. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. जुन्या गाडीसाठी त्याला वेगळे पैसे द्यावेत असं मला वाटत नाही.

झिरपण्याची खूण म्हणजे ते दोन्ही चाकांत होतं. पुढे २२ आणि मागे २८ भरले आणि पंधरा दिवसांनी पुढे २१, मागे २७ दिसले, तर निर्धास्त राहा. पुढे २१ आणि मागे २० दिसले, तर मागच्या चाकात कुठेतरी भोक आहे. एकाच गाडीची दोन चाकं एकाच गोठ्यात, एकाच हवेत उभी असतात. एकाची तपासणी दुसऱ्यावरून होते. म्हणून फक्त बसलेल्या टायरची हवा बघून भागत नाही, दोन्हींचे आकडे लिहून ठेवावे लागतात. मात्र दोन चाकांत वेगवेगळ्या दर्जाच्या ट्यूब असतील तर हा हिशेब थोडा चुकू शकतो.

आकडे घेताना तापमान फार फसवतं. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी ३६ अंशांत २८ पौंड भरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे २२ अंशांत मोजले, तर गेज २६ च्या आसपास दाखवेल. हवा तसूभरही कमी झालेली नसते, ती फक्त थंड झालेली असते. उलट गगनबावड्यापर्यंत जाऊन आल्यावर टायर तापलेला असतो आणि गेज पाच-सहा पौंड चढूनही दिसतो. तेव्हा हवा सोडली तर सकाळी टायर खरोखरच कमी भरेल. पन्हाळ्याला वर गेल्यानं फरक पडतो का, असंही विचारतात. बाहेरचा दाब कमी झाल्यानं गेज अर्ध्या पौंडाच्या जरा वर चढतो, तो सोडून द्यावा. नियम एकच: सकाळी, गाडी चालवण्याआधी, नेहमी स्वतःच्या एकाच गेजनं. पंपावरच्या दोन गेजांत दोन-तीन पौंडांचा फरक असला तर झिरपणं आणि पंक्चर यांतला फरक त्यातच बुडून जातो.

एकाच चाकाची हवा जातेय हे ठरलं की पहिला संशय व्हॉल्व्हवर घ्यावा, कारण तो चाक न काढता तपासता येतो. चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणा, टोपी काढा आणि तोंडावर साबणाचं पाणी सोडा. फुगा धरला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यात माती गेली आहे. पिन आवळा, नाहीतर बदला. टोपी आतल्या रबरी वॉशरसकट असू द्या. पावसाचं पाणी आणि उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ पिनेपर्यंत जाऊ नये म्हणून ती हवीच.

इथे पुष्कळजण फसतात. साबणाचं पाणी रिमवर मारलं आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी किंवा एखाद्या स्पोकच्या निपलजवळ (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटेजवळ) बुडबुडे आले, तर भोक तिथेच आहे असं धरतात. तसं नसतं. ट्यूबला कुठेही भोक पडलं तरी सुटलेली हवा टायर आणि ट्यूबच्या मधून फिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून, म्हणजे व्हॉल्व्हच्या किंवा निपलच्या भोकांतून, बाहेर येते. बाहेरून खात्रीनं कळतं ते फक्त व्हॉल्व्हच्या पिनेचं. बाकीसाठी ट्यूब काढून पाण्याच्या टबात घालावीच लागते. मोठं पंक्चर झाल्यावर ट्यूबचं चाक झटकन बसतं, तेही याच भोकांमुळे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा अडकून राहिला तर बराच वेळ निभावतं, इथे ती सोय नाही.

चाक उघडण्याआधी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूनं खूण करा आणि ट्यूब काढल्यावर ती त्याच दिशेनं धरा. भोक कुठे आहे त्यावरून कारण सापडतं. बाहेरच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काटा, तार किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, रस्त्यावर मिळणारा लेथचा लोखंडी कीस रुतलेला असतो. टायरच्या आतून कापड फिरवून तो शोधा, नाहीतर नवं पंक्चर त्याच जागी होईल. आतल्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर कमी हवेत खड्ड्यातून गेल्यामुळे ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली.

कमी हवेचा आणखी एक धोका मला सर्वांत मोठा वाटतो. ब्रेक लावताना टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला ओढतो. व्हॉल्व्ह रिमच्या भोकातच अडकलेला, त्यामुळे तो तिरका होतो आणि शेवटी बुडाशी फाटतो. व्हॉल्व्ह कलता दिसला तर लगेच हवा काढून टायर सरळ बसवा. व्हॉल्व्हवरची नट रिमला आवळू नका, ती टोपीखाली वर घ्या. मग टायर सरकला की व्हॉल्व्ह तिरका झालेला वेळीच दिसतो. ट्यूबमध्ये घालायच्या, पंक्चर बुजवणाऱ्या रसायनावर विसंबू नये, कारण ते भोक लपवतं आणि सरकणारा टायर थांबवत नाही.

नवी ट्यूब घालताना टायरच्या आतून टाल्कम पावडर लावा, ट्यूब आकार धरण्यापुरती फुगवून बसवा म्हणजे ती पिळणार नाही. मग ठरलेली हवा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही चाकांचा पहिला आकडा तारखेसह वहीत लिहा.